आई घरात आहे तोवर

प्रिय सिद्रो,

आई गेल्याचं तुला फोनवर सांगितलं तेव्हा मी फार बोलले नाही. बोलणं मला कधी जमलं नाही, आणि आता घरातला फोन पक्षाचे वकील पासिओन यांच्या माणसाच्या हातात असतो. कुणाचाही आला तरी आधी तोच बोलतो. आपली नर्स रेमी उद्या तुमच्या वालेन्सियाला, तिच्या इस्पितळात परत निघाली आहे, तिच्या पिशवीत हे पत्र देते.

आई अजून दिवाणखान्यातच आहे. शेवटी घालायला म्हणून तिने तपकिरी झगा स्वतः शिवून कपाटात ठेवला होता, तुला ठाऊक आहे. तिला हिरवा घातलाय. बाबांच्या पक्षाचा हिरवा. तपकिरी फोटोत उठून दिसत नाही म्हणे. मी विचारलं, कुणाच्या फोटोत?

प्रेत घरात असताना आपण झाडू मारत नाही, आणि आलेल्याला दारापर्यंत सोडायला जात नाही. आईने हे नेम आयुष्यभर पाळले म्हणून मीही पाळते. पण या लोकांचं चांगलंच फावलंय. निघायचं नावच कुणी घेत नाही. शवपेटीच्या शेजारी पत्ते चालतात. कलिंगडाच्या बियांची टरफलं, बिस्कोचो बिस्किटांचा चुरा, बाबांचं चित्र छापलेली पत्रकं, सगळं जमिनीवर. चपलेखाली फरशी कुरकुरते. आईला धुळीचा एक कण खपत नसे. मी झाडू दाराआड ठेवलाय आणि त्याच्याकडे बघत बसते.

विषय एकच : बाबांच्या माघारी त्यांच्या जागी राष्ट्राध्यक्षपदासाठी आपल्यातलं कुणाला उभं करायचं. मनोंग हेनेर आपला थोरला भाऊ, प्रांताचा गव्हर्नर, म्हणून पहिलं नाव त्याचं निघालं. नगराध्यक्ष तिबो हसले. "हेनेरला उभं केलं तर पोस्टरांपेक्षा खटल्यांनाच कागद जास्त लागेल!" मग मी. कॉफीचं तबक घेऊन मी तिथेच उभी होते, तरी बाजार संघटनेची पुढारी मना लोलेंग म्हणाली, "चोलेंग? अहो, ती रडतसुद्धा नाही. आईसाठी जिच्या डोळ्यांत पाणी नाही, तिला बाजारातल्या माझ्या बायका मतं देतील होय?" मी तिच्या कपात साखर घातली. ती तीन चमचे घेते, मी एकच घातला. एवढंच मला जमलं.

मग तुझा फोटो फिरला, तुझ्या बेकरीच्या दारातला, पिठाने माखलेला. "नाक बघा, नाक!" तिबो ओरडले. "साक्षात अध्यक्षांचं! या नाकावर अर्धा देश येतो." कुणीतरी विचारलं, "आणि उरलेला अर्धा?" वकिलांनी आईच्या पेटीवर हलकेच हात ठेवला. "तो हिच्यावर."

सगळे हसले, सिद्रो. मनोंग हेनेरसुद्धा.

आईचं शेवटचं बोलणं तुला सांगायचं राहिलंय. मी तिला भात भरवत होते, मना लोलेंग उशाशी होती. आईने विचारलं, सिद्रोचे पाव अजून खालून करपतात का? मग म्हणाली, "त्याला भट्टीपाशीच राहू द्या. तिथे तो हसतो." बस. काल वकिलांनी तुझ्यासाठी लिहिलेलं भाषण मनोंगला वाचून दाखवलं. त्यात आई म्हणते, "बाबांनी पेटवलेला अग्नी सिद्रोच्या हाती द्या." मी म्हटलं, भट्टी म्हणाली होती ती, पावाची भट्टी. वकील म्हणाले, "मनांग चोलेंग, भट्टीत अग्नीच असतो ना?" मना लोलेंगने मान खाली घातली आणि बी सोलत राहिली.

तुला सांगितलं की विमानात जागा मिळत नाही, म्हणून रविवारचं तिकीट. जागा होती. गुरुवारचीही होती. बेटाबेटांवरून माणसं आणायला त्यांना वेळ हवा आहे. धाकटं लेकरू पोचल्याशिवाय पेटी बंद करायची नाही, हे त्यांना पक्कं माहीत आहे, आणि त्याच प्रथेवर त्यांनी आईला असं ताटकळत ठेवलंय. विमानतळावरून तुला उघड्या ट्रकवरून आणतील. चर्चच्या पायऱ्यांवर, पेटी खांद्यावर असताना, तुला ते भाषण वाचायला लावतील. तू नाही म्हणू शकणार नाहीस. त्या गर्दीसमोर, आईला खांद्यावर घेऊन, कुणालाच नाही म्हणता येणार नाही.

म्हणून लिहिते आहे. येऊ नकोस. आईचा चेहरा तुला दिसणार नाही, हे लिहिताना माझा हात थांबला होता, म्हणून वर शाई पसरली आहे. पण हिरव्यातली ती आपली आई नाही. आपल्या चर्चच्या फादर एल्मोंना एवढंच कळव : माझी वाट पाहू नका, आईला न्या. धाकट्याचा शब्द आला की ते थांबणार नाहीत, तसं त्यांनी मला सांगितलंय. पेटी बंद करण्याआधी मी तिला तपकिरी झगा घालीन. कुणी अडवून बघावंच. तू त्या सकाळी दुकान बंद ठेवू नकोस. भट्टी पेटव. तिला मातीत ठेवून घरी आले की मी आधी दारं उघडीन, आणि मग झाडू घेईन.

रागावलास तरी तुझीच मोठी बहीण,
मनांग चोलेंग