वाचनालयाची किल्ली

५ जानेवारी, सोमवार
नववीला भाषणकला सुरू केली. विषय : ‘आपली शाळा कशी सुधारेल?’ फळ्यावर सूत्र लिहिलं. एक अडचण, तीन कारणं, एक उपाय. आणि उपाय ज्याच्या हातात आहे, त्याच्या डोळ्यांत डोळे घालून बोलायचं. वर्ग भारावला. दोघे झोपले होते, पण ते नेहमीचेच.

६ जानेवारी
पुटपुटी विषय घेऊन आली. शेवटच्या बाकावरच्या मुलीला मी ठेवलेलं हे नाव. आवाज पुढच्या बाकापर्यंतही पोचत नाही. म्हणे, मधल्या सुट्टीत वाचनालय बंद का?
वाचनालय माझ्याकडे आहे. मधल्या सुट्टीत मी मागच्या दाराने आत जातो आणि दोन बाकं जोडून आडवा होतो. पाठीसाठी. तिला सांगितलं, किल्ली हरवलीय, तू कचरापेटीवर बोल. खोटं असं नाही, वेळ मारून नेली.

८ जानेवारी, दुपार
कचरापेटीचं भाषण ऐकलं. अगदीच मिळमिळीत. मनापासून वाटत नसेल तरी बोलायचं का, असं तिने विचारलं. सरावाने वाटू लागतं, म्हणालो. नंतर बाकांवर डोळा लागला नाही. सोमवारपासून वाचनालय उघडं ठेवणार. ठाम.

१२ जानेवारी, सोमवार
पाठ फार दुखते. पुढच्या सोमवारपासून. बायकोला सगळं सांगितलं. कुलूप काढायला कितीसा वेळ लागतो, एवढंच तिने विचारलं. तिला प्रशासनातलं काय कळणार? जेवण गेलं नाही.

१६ जानेवारी, शुक्रवार
नववीची भाषणस्पर्धा. पुटपुटीने कचरापेटीच्या कागदाची घडी घातली आणि वाचनालयावर बोलली. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू आलं. घरी पुस्तकं नाहीत, म्हणून ती खिडकीच्या काचेतून पुस्तकांची नुसती नावं वाचते. उपाय काय, तर सर बिचारे एकटेच किल्ली शोधतायत, उद्या सगळ्यांनी मिळून शोधू या. मुख्याध्यापिकाबाईंनी तिथल्या तिथे परवानगी दिली. टाळ्या. मीही वाजवल्या. किल्ली खिशात टोचत होती. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१७ जानेवारी, शनिवार
अख्खी नववी मैदानात गुडघ्यांवर. मीही तासभर वाकून शोधलं. पाठ दुखायचं विसरली. शेवटी पायरीजवळच्या गवतात किल्ली हळूच टाकली आणि सापडली म्हणून ओरडलो. पोरं नाचली. पुटपुटी नाचली नाही. तिथे मी आत्ताच दोनदा बघितलं होतं, म्हणाली. अजिबात न पुटपुटता. माझ्या डोळ्यांत डोळे घालून.
पैकीच्या पैकी मार्क द्यावे लागतील.