आबांचा बिल्ला
रविवार, संध्याकाळ. डिलाईल रोड.

आबा जाऊन वर्ष झालं, आता खोलीही सोडायचीय. त्यांच्या वस्तूंची यादी करायला आज तिसरं ॲप घेतलं. आधीची दोन मिलच्या पितळी बिल्ल्यापाशीच अडली. आई म्हणाली, "तो आपला नाही रे. संप मिटला की गेटवर परत द्यायचाय." आबाही शेवटपर्यंत हेच सांगायचे. ब्याऐंशीचा तो संप कागदोपत्री कधी मिटलाच नाही, मिलच्या जागी टॉवर झाला तरी.

या ॲपमध्ये 'दुसऱ्याची वस्तू' असा रकाना आहे, म्हणून हे बरं वाटलं. मिलचं नाव टाकलं, तर परत करायची तारीख मागतंय. रिकामी सोडली की पुढे जात नाही. काय टाकू? आईला विचारवेना. ती समोरच बसून बिल्ला चिंचेने घासत होती, परत देताना काळा दिसू नये म्हणून.