पिकीच्या दगडावर आईचा हात

४ ऑगस्ट
पुन्हा भाजलं! तापल्या दगडावरून पिठाचा पहिलाच हात फिरवला आणि बोटं झटकत मागे. निळ्या मक्याचं पातळ पीठ निम्मं दगडावर, निम्मं माझ्या पायावर. भाचीचं, डार्लीनचं लग्न तोंडावर आलंय, तिच्या सासरी पिकीचे, कागदासारख्या पातळ मक्याच्या भाकरीचे, ढीग पाठवायचेत, आणि मला एक पापुद्रा धड सोडवता येत नाही. आई मात्र तापल्या दगडावरून उघडा हात असा फिरवते, जणू गादीवरची चादर सारखी करतेय. लिओना मावशी म्हणाली, "मर्ना, तुझ्या आईला आता चटका कळतसुद्धा नाही. असा हात व्हायला जन्म जातो." आई नुसती हसली. मला हेवा वाटला.

७ ऑगस्ट
बोटांना फोड. मावशी म्हणे, "लाड पुरे. पीठ घे."

११ ऑगस्ट
करपल्याचा वास आला. मला वाटलं, पिकी. आईचा तळहात होता! एका हाताने जाळात लाकूड सारत होती, दुसरा दगडावर टेकलेला. मी तो ओढून काढला तर मलाच विचारते, "काय गं, काय झालं?"

१२ ऑगस्ट
दवाखाना. डॉक्टरीणबाईंनी आईला डोळे मिटायला सांगून बोटांना सुई टोचली. आई वाट बघत बसलेली — "टोचा ना मग." साखरेचा आजार आहे, त्यानेच बोटं बधिर झालीत. पायांचंही तेच. आम्ही सगळ्या कौतुक करत होतो ते दुखण्याचं! फार लाज वाटली. परतताना गाडीत ती भाजलेल्या तळहाताकडे बघत होती. मग म्हणाली, "मला वाटलं, आता कुठे मला जमायला लागलंय."

१६ ऑगस्ट
आईला दगडाला हात लावू देत नाही. हाताला पट्टी बांधून शेजारी बसते आणि जाळ वाढव, जाळ कमी कर, सांगते. मला चटका बसून मी स्स् केलं की मान डोलावते. आधी राग आला होता त्याचा.

२१ ऑगस्ट
आज एकदाही भाजलं नाही! पापुद्रे एकामागून एक सुटत गेले. मावशी म्हणाली, "आला गं, आईचा हात आला तुला." सगळ्या हसल्या. आई हसली नाही. उठली, शालीची पिन काढली, माझं बोट धरलं आणि टोचली. मी केवढ्याने किंचाळले. तेव्हा कुठे तिने बोट सोडलं.