फोन तुम्हालाच आला

नाना, आज कॉलेजात माझा सत्कार झाला. माझ्या विद्यार्थिनींनी लिहिलेला प्रोग्राम एका छोट्या उपग्रहावर जाणार आहे. घरी आल्यापासून मला तुमचा राग येतोय, आणि तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तो काढायचा कुणावर, तेही कळत नाही.

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी मी हेच करत होते. उपग्रह फोटो काढतो, त्यातले कितीतरी नुसते ढगांचे निघतात, आणि खाली पाठवायला वेळ थोडा. कुठला ठेवायचा, कुठला टाकायचा, हे वरच्या कॉम्प्युटरने स्वतःच ओळखावं, असं मी त्याला शिकवत होते. तुम्ही तेव्हा अंबडच्या कंपनीत पार्ट तपासायचात. एका संध्याकाळी तुम्ही जेवताय, मी ओट्याशी उभी राहून हे सगळं सांगतेय, आणि तुम्ही म्हणता, "म्हणजे रिजेक्ट माल वरच बाजूला काढायचा. खाली येऊच द्यायचा नाय." आई हसते. त्या दिवशी मला तुमचा फार अभिमान वाटला होता.

मग बंगळुरूला याच कामावर काही महिने जायची संधी आली. अर्जावर नंबर तुमचा दिला होता, कारण मुलीचा नंबर बाहेर द्यायचा नाही ही आपल्या घरची रीत. फोन तुम्हालाच आला. मी वाट बघत राहिले आणि तुम्ही रोज माझ्यासमोर बसून चहा प्यायलात. शेवटी सरांनीच विचारलं, लग्न ठरलं होतं तर अर्ज कशाला केलास? कुठे ठरलं होतं लग्न, नाना? घरी येऊन तुम्हाला विचारलं, तर मान वर न करता भाकरी मोडत तुम्ही म्हणालात, "एकटी पोरगी तिकडं कोणाच्या भरवशावर राहणार? इथं नोकऱ्या काय कमी हायेत?" माझ्या जागी माझा प्रोजेक्टमधला जोडीदार गेला. मी अंबडलाच एका कंपनीत पगाराचं सॉफ्टवेअर सांभाळत बसले, आणि कंटाळून शिकवायला लागले.

आई म्हणते, जुन्या वळणाचा माणूस, त्यांना काय कळणार. पण तुम्हाला कळलं होतं. न कळता अडवलं असतंत तर मी केव्हाच सोडून दिलं असतं. मी काय करतेय ते नीट समजून घेऊन तुम्ही खोटं बोललात, ते माझ्या घशाखाली उतरत नाही.

आज स्टेजवर मला विचारलं, याचं श्रेय कुणाला? समोर मुलींचे वडील बसले होते. त्यातल्या एकाचं मुलीला पुढच्या कामासाठी बाहेरगावी पाठवायचं अजून ठरत नाहीये. मी माईक घेतला आणि म्हणाले, "माझ्या वडिलांना. त्यांनी मला कधी अडवलं नाही." टाळ्या वाजल्या. आईने वाजवल्या नाहीत. रिक्षात तिला म्हटलं, त्या माणसाने ऐकावं म्हणून बोलले गं. हे पान मी तिलाही दाखवणार नाही. त्या माणसाची आठवण मला स्टेजवरून उतरल्यावर झाली, नाना. बोलताना मला फक्त तसे तुम्ही हवे होतात.