फॉर्ममधलं पहिलं नाव

ट्रॉय, १२ जुलै २००४

चि. सावनीस अ. उ. आ.

तुला दिवसभर ई-मेलच येतात, म्हणून मी कागदावर लिहिते. निदान हे तरी कुणी चुकून पुसणार नाही.

परवा कॅलिफोर्नियाच्या रेखाबाईंची मेल आली. दोन वर्षं माझ्याकडून गोडा मसाला मागवतात त्या. म्हणतात, त्यांच्या राज्यात एक तारखेपासून नवा कायदा लागू झाला. विक्रीची साइट कुठूनही चालो, त्यांच्याकडच्या माणसांची नावंपत्ते घेत असेल, तर काय माहिती घेते आणि कुणाला देते, हे तिने ठळक लिहायला हवं. आपल्या साइटवर तसं काहीच नाही. कळवल्यापासून तीस दिवसांची मुदत आहे.

त्या चिडल्या त्याला कारण मी. तुझ्या काकांनी फॉर्ममध्ये 'घरात कोण कोण' असा रकाना ठेवला होता, पुडी केवढी बांधायची ते कळावं म्हणून. रेखाबाईंनी लिहिलं होतं, मुलगी आसावरी, वय सव्वीस. मी ते लग्नं जुळवणाऱ्या जर्सी सिटीच्या सुवर्णाताईंना सांगून टाकलं. त्यांनी लगेच रेखाबाईंना फोन करून तीन स्थळं सुचवली! मुलीचं नाव कुणाच्या कानावर घातलं की चांगलंच केलं, असं मी आजवर धरून चालले.

काकांना जाऊन आठ महिने झाले. ही साइट त्यांनी दोन महिने खपून माझ्यासाठी केली. ती बंद झालेली मला बघवणार नाही. काय करायचं ते लवकर कळव.

जेवणाच्या वेळा पाळ. लोभ आहेच, त्याला मुदत नाही.
तुझी,
प्रतिमामावशी


रेडमंड, १७ जुलै २००४

ती. मावशीस शि. सा. न. वि. वि.

तर सुवर्णाकाकूंना माझा नंबर कुठून मिळाला ते आज कळलं! गेल्या महिन्यात त्यांनी मला ट्रॉयमधल्याच एका मुलाचं स्थळ सुचवलं. मेतकूट मागवताना मीही तुझा फॉर्म भरला होता ना!

मावशी, घाबरू नकोस. ऑफिसातला विवेक म्हणतो, माहितीबद्दलचं हे पान सगळे दुसऱ्याच्या साइटवरूनच उचलतात. एका मोठ्या दुकानाचं सोबत पाठवते, फक्त नाव बदलायचं. 'आम्ही तुमची माहिती कुणालाही देत नाही' वगैरे सगळं त्यात आहे. नाहीतर साइट सरळ बंद कर. तुझ्या वयाला हा ताप कशाला? ओळखीचे लोक फोनवरून मागवतीलच.

इथे चक्क ऊन पडलंय. रागावू नकोस, माया तेवढीच ठेव.
तुझी,
सावनी


ट्रॉय, २४ जुलै २००४

चि. सावनीस अ. उ. आ.

रागावले नाही, पण तुझं पान परत पाठवते. 'कुणालाही देत नाही' हे मी कोणत्या तोंडाने लिहू? सुवर्णाताई काय कुणीच नव्हेत?

वाचनालयातल्या बाईंनी मला तो कायदा छापून दिला. शब्दकोश घेऊन दोन दिवस बसले. शाळा नववीत सुटली तरी वाचायचं सोडलं नाही, ते आज कामी आलं. कायदा काही खाष्ट नाही गं. जे करता ते सांगा, एवढंच म्हणतो. म्हणून हे लिहिलं. इंग्रजी तू कर, पण गुळगुळीत करू नकोस.

'आम्ही तुमचं नाव, पत्ता, फोन आणि वाढदिवस विचारतो. वाढदिवसाला मी स्वतः फोन करते. घरात कोण कोण, हे पूर्वी विचारत होतो, आता विचारत नाही. पूर्वी मी काही मुलामुलींची नावं लग्न जुळवणाऱ्या एका बाईंना दिली. ती माझी चूक. आता पार्सल पोचवणाऱ्यांशिवाय कुणाला काही देत नाही. आपली नोंद बघायला मागा, दाखवू. ज्याची नोंद, त्याने स्वतः सांगितलं तर पुसू. दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावरून पुसणार नाही. यात काही बदललं तर याच पानावर तारखेसह कळवू.'

सुवर्णाताईंकडची नावांची यादी मी फोन धरून ठेवून फाडायला लावली. फाडल्याचा आवाज ऐकवला त्यांनी. एक चिठ्ठी मागे ठेवली असेल, मी ओळखते त्यांना. उद्या पुन्हा फोन करते.

उत्तर लवकर धाड, आणि ट्रॉयच्या मुलाला नाही म्हणालीस की नाही, तेही.
तुझी,
प्रतिमामावशी


रेडमंड, १ ऑगस्ट २००४

ती. मावशीस शि. सा. न. वि. वि.

पान चढवलं! पहिल्याच पानावर ठळक लिंक आहे, खाली तारीखही. विवेकला वाचून दाखवलं, तर तो आधी पोट धरून हसला आणि मग म्हणाला, एवढं खरं पान मी आजवर वाचलं नाही. त्याला अर्धा किलो मेतकूट पाठव. फॉर्म त्याने स्वतः भरलाय.

एक विचारायचंय. फॉर्ममधून 'घरात कोण'चा रकाना काढताना जुन्या नोंदींत सगळ्यात वर काकांची नोंद दिसली, मार्च २००१ ची. फॉर्म चालतो का ते बघायला त्यांनीच भरलेली. नाव दिगंबर. घरात कोण कोण: मी आणि प्रतिमा. काय हवं: मेतकूट, पुडी मोठी बांधणे. ती टेस्टची आहे, गिऱ्हाइकाची नाही. डिलीट करू ना?

ट्रॉयचा मुलगा फोनवर बरा बोलतो. एवढंच सांगते. ही माहिती तुझ्यापुरती.
तुझीच,
सावनी


ट्रॉय, ७ ऑगस्ट २००४

चि. सावनीस अ. उ. आ.

रेखाबाईंचं उत्तर आलं, मुदत संपायच्या दोन दिवस आधी. पान वाचून त्या बराच वेळ हसल्या म्हणे. आसावरीचं नाव पुसायला सांगितलं, ते पुसलं. स्वतःचा वाढदिवस मात्र राहू दे म्हणाल्या. आई गेल्यापासून त्या दिवशी मराठीतून फोन करणारी मी एकटीच, असं त्यांनी लिहिलंय. शिवाय चार पुड्या मसाला! सकाळपासून धने भाजते आहे, घरभर वास आहे, आणि मी चक्क गुणगुणत होते. खूप दिवसांनी.

आता तुझा प्रश्न. 'घरात कोण' आता विचारत नाही, म्हणून जुन्या नोंदींतूनही तो रकाना सगळ्यांचा काढ, त्यांचाही. बाकीच्या नोंदीला हात लावू नकोस. आपणच पानावर लिहिलंय ना, ज्याची नोंद, त्याने स्वतः सांगितलं तरच पुसायची? कायद्याने आपल्याला दिल्या शब्दाला जागायला हवं. आणि तुझ्या काकांनी मला अजून तसं काही सांगितलेलं नाही.

ट्रॉयच्या मुलाबद्दल कुणाला बोलणार नाही. वाढदिवस तेवढा विचारून ठेव. लोभ असाच राहू दे, पुडी मोठी बांधते.
तुझी,
प्रतिमामावशी