बोटभर जागा

३ नोव्हेंबर

परत आली! पेपर मिलच्या पंपाची स्लीव्ह, दांड्यावर बसणारी ती धातूची नळी. तिच्यावर फवारून चढवलेलं आमचं सिरॅमिक महिन्याभरात उडालं – तेही एकाच जागी, बोटभर. बाकी स्लीव्ह चकाचक. मालक म्हणाले, "मॅडम, किसी ने नंगा हाथ लगाया है. शुक्रवार तक नाम चाहिए."

नियम साधा आहे. ब्लास्टिंगने धातू खरखरीत केला की प्लाझ्मा गनने सिरॅमिक फवारेपर्यंत त्याला उघडा हात लावायचा नाही. बोटाचा तेलकटपणा राहिला तर वरचा थर धरत नाही. हे मी आठ वर्षं मराठीतून, हिंदीतून आणि प्रसंगी ओरडून सांगते आहे. शेडमधली पाटीही माझीच.

४ नोव्हेंबर

सगळ्यांचा संशय हेरंबवर. ब्लास्टिंग त्याचं, आणि ग्लोव्ह्जशी त्याचं जन्माचं वैर. फरीदाबादच्या या अख्ख्या शेडमध्ये माझ्याशी मराठी बोलणारा हा एकटा, म्हणून मी त्याच्याशी जरा जास्तच कडक वागते. खडसावून विचारलं. खाली बघत म्हणाला, "आठवत नाही, मॅडम." म्हणजे हाच!

६ नोव्हेंबर

जॉब कार्ड काढलं. ब्लास्टिंग १७ सप्टेंबर, सकाळी. म्हणजे विश्वकर्मा पूजेच्या दिवशी. ग्रुपवरचे फोटो उघडले. गनला हळदकुंकू वाहणारी मी. कॉम्प्रेसरला वाहणारी मी. आणि उत्साहाच्या भरात, फवाऱ्यासाठी तयार ठेवलेल्या स्लीव्हलाही – निरांजनाचं तूप लागलेल्या बोटाने – मीच. नंतर फडक्याने पुसलंसुद्धा. वा, क्वालिटी मॅनेजर!

मयूर विहारला पोचेपर्यंत मेट्रोत ठरवलं होतं, उद्या सरळ सांगून टाकायचं. घरी सुधन्वा म्हणाला, "यार, नवऱ्याचं ऐक एकदा. ते फोटो कोण बघतंय?" एरवी मी त्याचं ऐकत नाही.

७ नोव्हेंबर

रिपोर्ट दिला. 'हाताळणीतील दोष. व्यक्ती निश्चित करता आली नाही.' किती सभ्य वाक्य. नाव मालकांनी आपल्या मनानेच घातलं.

८ नोव्हेंबर

हेरंबला काढलं. लाज वाटली. दिवसभर वाटली. बोलले मात्र नाही.

२४ नोव्हेंबर

हेरंबचा फोन. नोएडात नोकरी मिळते आहे, माझं शिफारसपत्र हवंय. लगेच हो म्हटलं. फोन ठेवता ठेवता म्हणाला, "पूजेचं तबक मीच धरलं होतं, मॅडम. तेव्हाच तुम्हाला टोकायला हवं होतं. चुकलंच माझं."