उंबरठ्याला एक गुण

सर, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. विद्यापीठातल्या आपल्या विभागात दर गुरुपौर्णिमेला तुमच्या फोटोला हार घालतात, आणि तो हार आणायचं काम माझ्याकडे असतं. त्यामुळे वर्षातून एकदा तरी तुमच्यावरचा राग मला फुलांच्या पुडीसकट हातात धरून उभं राहावं लागतं.

नंदनवन कॉलनीच्या पलीकडे नाल्याकाठच्या वस्तीत तुम्ही मला प्रश्नावली देऊन पाठवलं होतं. विषय तुमचा लाडका, शहराची संकट सोसण्याची क्षमता आणि तिचं शाश्वत विकासाशी नातं. 'पुरापासून बचावासाठी घरच्यांनी स्वतः काही केलं आहे का?' प्रत्येक 'हो'ला एक गुण. कोपऱ्यावरच्या मावशींनी पलंग विटांवर चढवलेला, धान्याची कोठी माळ्यावर नेलेली, आणि दर उन्हाळ्यात उंबरठ्यावर सिमेंटचा नवा थर. त्या कौतुकाने दाखवताहेत आणि मी 'हो'पुढे खुणा करत चालले आहे. नाल्यापलीकडच्या बंगल्यांत कुणी काहीच केलं नव्हतं. म्हणून माझ्या गुणांच्या तक्त्यात वस्ती 'सक्षम' ठरली आणि बंगले 'असुरक्षित'.

तुमच्या केबिनमध्ये मी चाचरत म्हटलं, "सर, तिथे कुणी फिरकत नाही म्हणून ती माणसं हे करतात. ही क्षमता कशी?" तुम्ही चष्म्यावरून पाहिलंत. "संशोधन करायला आलीस की समाजसेवा?" पुढे त्याच पाहणीच्या अहवालाच्या आधाराने नाल्याची भिंत बंगल्यांच्या बाजूने उभी राहिली. तुमचा सत्कार झाला, शाल चांगली होती. पाणी तेव्हापासून सगळं वस्तीकडे वळतं.

गेल्या पावसाळ्यात वस्ती बुडाल्याचं कळलं, म्हणून गेले. मावशी थकल्यात, पण त्यांनी मला ओळखलं. "इतला उंच उंबरठा, त्याच्यावरून पाणी आत आलं न् बाहेर जाऊनच नाही राहिलं," त्या सांगत होत्या. लेकाने लोखंडी सब्बलीने उंबरठा फोडला तेव्हा कुठे ते निघालं. सुनेचं शिलाई मशीन तोवर गंजून गेलं होतं.

"भिंत तिकडंच काहून बांधली वं?"

"तुमचं तुम्ही सांभाळू शकता असं कागदावर लिहिलंय," मी म्हटलं.

"म्हंजे आम्ही हातपाय हालवले, तेच नडलं का आम्हाले? कोनं लिवलं असं?"

"आमच्या सरांनी. ते आता नाहीत."

"जाऊ दे मंग. गेलेल्या मानसाले काय बोलावं," म्हणत त्यांनी शेजारणीकडून माझ्यासाठी चहा मागवला. मी तो प्यायले.

हे पत्र कुठे टाकणार? पण त्या दिवशी केबिनमध्ये तुम्ही आणखी एक वाक्य बोलला होतात, ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. "पटत नसेल तर बदल, तक्ता तुझा आहे." बदलायचा तर अहवालातलं सगळं प्रकरण नव्याने लिहावं लागलं असतं, सर. आणि माझी नोकरीची मुलाखत दहा दिवसांवर आली होती.